जिभेखाली

बोलू नकोस, गौरेश. गोळी जिभेखालीच राहू दे.
गिळलीस तर नुसती कडू लागेल, कामाची उरणार नाही.
मोठा काटा तीनवर आहे,
पाचवर येईपर्यंत तोंड बंद.
तोवर मीच बोलते.

ही खोली पूर्वी लसींच्या खोक्यांची होती.
आता एक टेबल, एक कुलपाचं कपाट, दोन खुर्च्या.
त्यातली एक डुगडुगते, ती मी घेते.
पंखा आहे, पण तुम्ही येता तेव्हा
तुमच्या अंगावर सोललेल्या कोंबडीसारखा काटा असतो,
म्हणून लावत नाही.

औषध जिल्ह्याहून मंगळवारी येतं.
संप होता तेव्हा गाडीच आली नाही,
मग परतीच्या रिकाम्या मासळीच्या टेम्पोतून डबा आणला.
आठवडाभर गोळ्यांना बांगड्याचा वास.
कुणी तक्रार केली नाही,
तूही नाही.

तुझी आई बाहेर दातांच्या रांगेत बसली आहे.
कुणी विचारलं तर दाढ दुखते म्हणते.
चार महिने एकच दाढ.

तुझा खांदा विंचमध्ये सापडला तेव्हा
कुणीतरी एक कॅप्सूल दिली,
कोण ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही.
दुखणं गेलं, झोपही गेली, रात्रभर जाळं ओढता आलं,
असं तूच सांगितलंस.
एकाच्या सहा, सहाच्या साठ,
आणि मग कॅप्सूल स्वस्त नको वाटायला लागली,
पुडी हवीशी झाली.
मुणगेकर मेडिकलवाला आता चिठ्ठीशिवाय देत नाही.
त्याला मी काही बोलले नव्हते.
दीपू कोयंडेच्या बाराव्याला जेवून आला
आणि दुसऱ्या दिवशी त्यानं तो खण रिकामा केला.

दीपूचं सांगायचं नव्हतं.
काटा अजून चारवर.

बर्फ कारखान्याच्या मागे सापडला. ओठ निळे.
उतारा या कपाटात होता,
किल्ली माझ्या पर्समध्ये,
पर्स माझ्या घरी खुंटीला.
मी घाटावरची, मला भरती-ओहोटी कळत नव्हती,
पण त्या दिवसापासून एवढं कळलं
की कुलपात ठेवलेलं औषध म्हणजे लांबचं गाव.

आता एक इंजेक्शन अन्वर सोलकरकडे,
बर्फाच्या पावतीपुस्तकाशेजारी.
कच्च्या पपईवर टोचायला शिकला.
दोनदा वापरलं.
दोघंही जागे झाले आणि त्याला आईवरून शिव्या दिल्या.
अन्वर म्हणतो, एवढं गोड माझ्याशी
निकाहातही कुणी बोललं नव्हतं.

हसू नकोस, गोळी सरकेल.

नियम असा की रोज माझ्यासमोर घ्यायची.
पण तुझी बोट आज आठ दिवसांसाठी जाते,
आणि समुद्राला मी समोर बोलावू शकत नाही.
बोट सोडली असतीस तर गोळी मिळाली असती, पोट नाही.
डॉक्टरांशी दोन आठवडे भांडले.
काल जयवंत तांडेल स्वतः आला, टोपी हातात,
रजिस्टरात अंगठ्याएवढी मोठी सही केली.
तुझ्या आठ गोळ्या त्याच्या पत्र्याच्या पेटीत,
बोटीच्या लायसनखाली,
गाऱ्हाण्याच्या नारळाशेजारी.
मी समजावत होते, किती वाजता, कशी, काय झालं तर काय.
तो ऐकत राहिला, मग म्हणाला,
"बाये, माका औषदातला काय्येक कळना नाय.
वाऱ्यातला कळता.
पोराक परत हाडतलंय."

मी त्याच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं.

आणि हे बघ,
घसरलास तरी ये.
इथे चढतीची पायरी नाही, नुसतं दार आहे,
नऊ ते बारा, रविवारीसुद्धा.

झालं. पाचवर आला.
उघड तोंड. जीभ वर. हं, विरघळली.
आता बोल, काय बोलायचं ते.

तू उठलास, खांदा जपून,
दारापर्यंत गेलास, परत वळलास.
मला वाटलं काहीतरी मोठं म्हणशील.

"बाये, त्या खुर्चेक पाचर व्हयी.
इलंय की मारतंय."

रजिस्टरात शेवटचा रकाना 'शेरा'.
बहुतेक वेळा रिकामाच जातो.
आज तुझ्या नावासमोर लिहिलं:
पाचर.